निवडून आलेला अध्यक्ष, न हटणाऱ्या महाभियोक्ता: ग्वाटेमालाचे प्रकरण

ग्वाटेमालाच्या राज्यघटनेनुसार नव्या अध्यक्षाचा शपथविधी १४ जानेवारीला व्हायचा असतो. २०२४ साली तो त्या दिवशी झालाच नाही. काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, नव्या सदस्यांची कागदपत्रे तपासण्याच्या नावाखाली नऊ तासांहून अधिक वेळ घालवला गेला, राजधानीतील मिगेल आंखेल आस्तुरियास सांस्कृतिक केंद्रात परदेशी पाहुणे ताटकळत बसले, बाहेर रस्त्यावर लोकांचा संयम सुटत चालला आणि अखेर मध्यरात्र उलटून गेल्यावर बर्नार्दो अरेव्हालो यांनी शपथ घेतली.

हा उशीर केवळ संसदीय कुरघोडीचा भाग नव्हता. त्याआधीचे सहा महिने देशाचे अभियोग कार्यालय निवडणुकीचा निकाल निष्प्रभ करण्याच्या मागे लागले होते. अरेव्हालो यांना ज्या भ्रष्टाचाराविरुद्ध लढायचे होते, त्याचा तपास करण्याचा आणि खटले भरण्याचा अधिकारही घटनेने त्याच कार्यालयाला दिलेला होता. दुसरीकडे दरवर्षी हजारो माणसे मेक्सिकोमार्गे अमेरिकेकडे निघत होती आणि त्या प्रश्नाची अर्धी सूत्रे वॉशिंग्टनच्या हाती होती. भ्रष्टाचार आणि स्थलांतर हे मध्य अमेरिकेतील प्रत्येक नव्या अध्यक्षापुढचे दोन स्वतंत्र प्रश्न म्हणून मांडले जातात. ग्वाटेमालाच्या बाबतीत ते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत असे माझे मत आहे, आणि अरेव्हालो यांच्या पहिल्या दीड वर्षाकडे त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

जुनी जाळी, थोड्या काळाचा आयोग

अरेव्हालो हे नाव त्या देशात नवे नाही. बर्नार्दो यांचे वडील हुआन होसे अरेव्हालो हे १९४४ च्या क्रांतीनंतर लोकशाही मार्गाने निवडून आलेले पहिले अध्यक्ष. १९४५ ते १९५१ या त्यांच्या कारकिर्दीत देशाला कामगार कायदा आणि सामाजिक सुरक्षा संस्था मिळाली. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांनी जमीन सुधारणा हाती घेतली, तेव्हा १९५४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेच्या पाठबळाने त्यांचे सरकार उलथवण्यात आले. अरेव्हालो कुटुंबाला परदेशात राहावे लागले आणि बर्नार्दो यांचा जन्म १९५८ साली उरुग्वेच्या राजधानीत, मोंतेविदेओत झाला. मायदेशी १९६० ते १९९६ अशी ३६ वर्षे यादवी युद्ध चालले. सुमारे दोन लाख माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया या आदिवासी समाजातील होते. अमेरिकेकडे जाणारी मोठी लाट याच युद्धात, विशेषतः १९८० च्या दशकात उसळली. आज एखादा तरुण अमेरिकेतल्या काकाच्या भरवशावर घर सोडतो, तेव्हा त्या घराण्यातला पहिला माणूस बहुधा त्या काळात जीव वाचवण्यासाठी गेलेला असतो.

शांतता करार झाला, पण युद्धकाळात लष्करी गुप्तचर यंत्रणेच्या आश्रयाने जकात खात्यात शिरलेली जाळी उठली नाहीत. त्यांना हात घालण्यासाठी २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांशी करार करून एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमण्यात आला, जो ‘सिसिग’ या नावाने ओळखला जाई. परदेशी तपासनीस आणि देशी अभियोक्ते यांनी एकत्र तपास करायचा आणि खटला देशाच्याच न्यायालयात चालवायचा, ही त्याची पद्धत. एप्रिल २०१५ मध्ये उघडकीस आलेले ‘ला लीनिआ’ प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे. माल आयात करणारा व्यापारी एका ठरावीक दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधे. पलीकडची माणसे बंदरातील अधिकाऱ्यांशी संधान बांधून कंटेनरमधील मालावर प्रत्यक्षाहून कमी शुल्क लावून घेत. वाचलेल्या रकमेचा काही भाग व्यापाऱ्याकडे राही आणि उरलेला लाच म्हणून साखळीत वरपर्यंत वाटला जाई. ही साखळी उपाध्यक्ष रोक्साना बाल्देत्ती आणि अध्यक्ष ओत्तो पेरेस मोलिना यांच्यापर्यंत पोहोचत असल्याचा ठपका ठेवण्यात आला. दर शनिवारी राजधानीच्या मध्यवर्ती चौकात हजारो लोक जमू लागले, मे महिन्यात बाल्देत्ती यांनी आणि सप्टेंबरमध्ये खुद्द अध्यक्षांनी राजीनामा दिला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये दोघांनाही १६ वर्षांची शिक्षा झाली. या निदर्शनांच्या काळात एकत्र आलेल्या अभ्यासक आणि तरुणांच्या गटाचा पुढे ‘सेमिया’ हा पक्ष झाला. अरेव्हालो हे त्याच पक्षाचे.

पुढचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. ‘भ्रष्टही नाही, चोरही नाही’ या घोषणेवर निवडून आलेले विनोदी अभिनेते जिमी मोरालेस यांच्या भावाला आणि मुलाला २०१७ मध्ये अटक झाली. त्यानंतर मोरालेस यांनी आयोगाचे प्रमुख, कोलंबियाचे इव्हान वेलास्केस यांना देशाबाहेर काढण्याचा प्रयत्न केला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये आयोगाची मुदतच संपू दिली. २०१८ मध्ये त्यांनी नेमलेल्या महाभियोक्ता, म्हणजे अभियोग कार्यालयाच्या प्रमुख, कोन्सुएलो पोर्रास यांची २०२२ मध्ये पुढचे अध्यक्ष आलेहांद्रो जामात्तेई यांनी आणखी चार वर्षांसाठी फेरनेमणूक केली, तीही अमेरिकेने त्यांचे नाव भ्रष्ट आणि लोकशाहीविरोधी व्यक्तींच्या यादीत टाकल्यानंतर. भ्रष्टाचाराचे मोठे खटले चालवणाऱ्या विशेष विभागाचे प्रमुख हुआन फ्रान्सिस्को सांदोवाल यांना पोर्रास यांनी जुलै २०२१ मध्ये पदावरून दूर केले आणि त्यांनी त्याच रात्री देश सोडला. त्यांच्यामागून अनेक अभियोक्ते आणि न्यायाधीश परदेशी गेले. ‘एल पेरिओदिको’ या दैनिकाचे संस्थापक होसे रुबेन सामोरा जुलै २०२२ मध्ये तुरुंगात गेले आणि पुढच्या मे महिन्यात ते दैनिक बंद पडले. स्थलांतराच्या चर्चेत या माणसांची गणना कोणी करत नाही. मला ती करावीशी वाटते, कारण देश सोडण्याची गरज केवळ भुकेतून निर्माण होत नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

निवडणूक आणि १०६ दिवस

२०२३ च्या निवडणुकीत थेल्मा काब्रेरा, रोबेर्तो आर्सू आणि कार्लोस पिनेदा या तीन उमेदवारांना आधीच बाद करण्यात आले होते. २५ जूनच्या पहिल्या फेरीत कोणत्याही उमेदवाराच्या मतांपेक्षा बाद मतपत्रिकांचे प्रमाण जास्त होते, ते सुमारे १७ टक्के. चाचण्यांमध्ये कुठेही न दिसणारे अरेव्हालो सुमारे १२ टक्के मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आले. ते धोक्याचे वाटले नव्हते म्हणूनच त्यांना कोणी बाद केले नव्हते. १२ जुलैला एका न्यायाधीशाने सेमिया पक्षाची नोंदणी स्थगित करण्याचा आदेश दिला. तरीही २० ऑगस्टच्या दुसऱ्या फेरीत अरेव्हालो यांनी माजी प्रथम महिला सांद्रा तोर्रेस यांचा सुमारे ५८ विरुद्ध ३७ टक्के असा पराभव केला. सप्टेंबरअखेर अभियोग कार्यालयाच्या पथकांनी निवडणूक न्यायाधिकरणावर धाड घातली आणि तेथील अधिकाऱ्यांचा विरोध मोडून मतमोजणीची मूळ पत्रके उचलून नेली.

यानंतर जे घडले ते अरेव्हालो यांच्या पक्षाने घडवलेले नव्हते. २ ऑक्टोबर २०२३ रोजी तोतोनिकापान येथील ४८ कांतोनेस या किचे माया समाजाच्या पारंपरिक संस्थेने इतर आदिवासी संस्थांसह देशव्यापी बंद पुकारला. या संस्थेचे पदाधिकारी गावसभेतून वर्षभरासाठी निवडले जातात, त्यांना वेतन नसते, आणि हातातली लाकडी काठी हीच त्यांच्या अधिकाराची खूण. सामायिक जंगल आणि पाण्याचे झरे राखणे हे त्यांचे नेहमीचे काम. या माणसांनी महामार्ग रोखले आणि राजधानीतल्या खेरोना वस्तीत, अभियोग कार्यालयाच्या दारात मुक्काम ठोकला. बाजारातले विक्रेते त्यांना अन्नधान्य पुरवत राहिले. पोर्रास यांचा राजीनामा आणि निकालाचा आदर, एवढ्याच त्यांच्या मागण्या होत्या. हे आंदोलन १०६ दिवस, म्हणजे शपथविधीपर्यंत टिकले. डिसेंबरमध्ये अमेरिकेने ग्वाटेमालाच्या सुमारे ३०० व्यक्तींवर, त्यात काँग्रेसच्या शंभरहून अधिक सदस्यांवर, व्हिसाबंदी घातली आणि घटना न्यायालयानेही निर्वाचितांना पदग्रहण करू देण्याचा निकाल दिला. अरेव्हालो यांची सत्ता अशी दोन आधारांवर उभी राहिली, एक खेरोनातल्या पथाऱ्या आणि दुसरा वॉशिंग्टन. पुढे या दोघांच्या अपेक्षा एकमेकींना छेद देऊ लागल्या, हेच या प्रकरणाचे मर्म आहे.

तीन वाटा आणि एक निर्णय

सत्तेवर आल्यावर हाती काय होते ते पाहू. १६० जणांच्या काँग्रेसमध्ये सेमियाचे २३ सदस्य, आणि पक्षाची नोंदणी स्थगित असल्यामुळे त्यांनाही अपक्ष मानले गेले. सामुएल पेरेस यांची पहिल्याच रात्री झालेली काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवड त्यामुळे घटना न्यायालयाने रद्द केली. पोर्रास यांची मुदत मे २०२६ पर्यंतची, आणि २०१६ च्या दुरुस्तीनुसार जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्याबद्दल न्यायालयात दोष सिद्ध झाल्याखेरीज महाभियोक्त्याला काढता येत नाही. ही दुरुस्ती आयोगाच्या भरभराटीच्या काळात, निर्भीड अभियोक्त्यांना राजकीय सूडापासून वाचवण्यासाठी झाली होती. तीच आता पोर्रास यांच्या कामी आली.

अरेव्हालो यांच्यापुढे तीन वाटा होत्या: कायद्याकडे दुर्लक्ष करून पोर्रास यांना आदेशाने काढून टाकणे, कायदा बदलून घेणे, किंवा मुदत संपण्याची वाट पाहणे. रस्त्यावर बसलेल्यांपैकी अनेकांना पहिली वाट हवी होती. शेजारच्या एल साल्वादोरमध्ये नायिब बुकेले यांच्या बहुमताने मे २०२१ मध्ये महाभियोक्ता आणि घटनापीठाचे न्यायाधीश एका रात्रीत हटवले होते, त्यामुळे अशा कारवाईचे उदाहरणही समोर होते. अरेव्हालो यांनी ते नाकारले. माझ्या मते त्यांचा हा निर्णय बरोबर होता. बहुमत नसलेल्या अध्यक्षाने बेकायदा आदेश काढला असता, तर त्याच्यावर खटला भरायला टपलेल्या कार्यालयाला पहिल्यांदाच खरे कारण मिळाले असते, आणि न्यायालयांनी त्याला पदच्युत करण्यास दिरंगाई केली नसती.

मात्र दुसऱ्या वाटेवर ते ज्या गतीने चालले, तिचे समर्थन मला करता येत नाही. जानेवारीत राजीनामा मागितला, पोर्रास यांनी तो नाकारला, आणि कायदादुरुस्तीचा प्रस्ताव काँग्रेसकडे गेला तो मे महिन्यात. जुन्या आघाडीतले सदस्य व्हिसाबंदीने धास्तावलेले आणि रस्ते अजून जागे असतानाचे ते चार महिने होते. मे उजाडेपर्यंत काँग्रेसमधल्या प्रत्येक मताची किंमत ठरून गेली होती आणि प्रस्ताव बारगळला. २०२५ च्या अर्थसंकल्पात जिल्हा विकास परिषदांच्या निधीत मोठी वाढ झाली. या परिषदांची कामे स्थानिक ठेकेदार करतात, आणि ठेकेदार व सदस्य यांचे लागेबांधे तिथे सर्वांना ठाऊक असतात. भ्रष्टाचार संपवायला आलेल्या सरकारला कारभार चालवण्यासाठी याच परिषदांची तिजोरी भरावी लागली, हा पहिल्या वर्षाचा सर्वांत क्लेशकारक भाग होता.

सरकारला तपासच करता येत नव्हता असे नाही. २०२४ मध्ये कर प्रशासनाने बनावट बिले देऊन कर बुडवणाऱ्या ४१० कंपन्यांचे जाळे शोधून काढले आणि अध्यक्षांनी ते जाहीर केले. मे महिन्यात ठेकेदारांना दिलेल्या रकमांवरून दळणवळण मंत्री हास्मिन दे ला वेगा यांना त्यांनी घरी पाठवले. पण मंत्री काढता येतो, फिर्याद करता येते, खटला मात्र पोर्रास यांच्या कार्यालयाच्या मर्जीवर अवलंबून. त्या कार्यालयाने उलट अरेव्हालो यांचेच खटल्यापासूनचे संरक्षण काढून घेण्याचे अर्ज पुनःपुन्हा केले. सामोरा ऑक्टोबर २०२४ मध्ये नजरकैदेत घरी आले आणि मार्च २०२५ मध्ये पुन्हा तुरुंगात गेले. एप्रिल २०२५ मध्ये ४८ कांतोनेसचे आंदोलनकाळातील अध्यक्ष लुइस पाचेको यांना दहशतवादाच्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हा ते याच सरकारमध्ये ऊर्जा व खाण खात्याचे उपमंत्री होते. आपल्याच उपमंत्र्याच्या अटकेचा निषेध करण्यापलीकडे अध्यक्षांच्या हाती काही नव्हते.

डॉलर, कर्ज आणि विमाने

स्थलांतराकडे वळताना एक आकडा आधी पाहिला पाहिजे. २०२४ मध्ये परदेशातील, मुख्यतः अमेरिकेतील ग्वाटेमालींनी सुमारे २,१५० कोटी डॉलर घरी पाठवले. ही रक्कम देशाच्या सकल उत्पन्नाच्या जवळपास पाचवा हिस्सा भरते आणि सरकारच्या एकूण करउत्पन्नाहून कितीतरी मोठी आहे. करवसुलीचे प्रमाण लॅटिन अमेरिकेतील सर्वांत कमी देशांत मोडणारे, पाच वर्षांखालील जवळपास निम्मी मुले दीर्घकालीन कुपोषणाने खुंटलेली, आणि तरीही अर्थव्यवस्था स्थिर, चलन भक्कम, यामागचे कारण हे डॉलर आहेत. पैसे घरी येतात, त्यातून आयात केलेला माल खरेदी होतो, त्यावर १२ टक्के मूल्यवर्धित कर आणि सीमाशुल्क लागते. ला लीनिआच्या टोळीने चोरी केली ती नेमकी या ठिकाणी. फ्लोरिडातल्या शेतात किंवा लॉस एंजेलिसच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसाच्या घामाचा जो अंश रस्ता, शाळा किंवा दवाखाना होऊन त्याच्या गावी पोहोचायला हवा होता, तो बंदरातच गडप होत होता. भ्रष्टाचार आणि स्थलांतर हे एकच प्रकरण आहे असे मी म्हणतो ते यासाठी. राज्य आपल्या माणसांना काही देत नाही म्हणून ती जातात, आणि ती जातात म्हणून काहीही न देता राज्याचा गाडा चालू राहतो.

जाणारे लोक बहुतेक करून वेवेतेनांगो, सान मार्कोस, किचे, आल्ता वेरापास अशा माया वस्तीच्या डोंगराळ भागातले. आल्ता वेरापासमधील केक्ची शेतकरी वेलची पिकवतात. हे पीक गेल्या शतकात भारतातून तिथे गेले आणि आज जगात वेलचीची सर्वाधिक निर्यात करणाऱ्या देशांत ग्वाटेमाला अग्रभागी आहे, पण भावावर उत्पादकाचा ताबा नाही. २०१२ नंतर कॉफीवर पडलेला तांबेरा आणि नोव्हेंबर २०२० मधील एटा व आयोटा ही वादळे यांनी या भागाचे कंबरडे मोडले. एटाच्या पावसात केहा हे गाव डोंगराखाली गाडले गेले. ‘कोयोते’ म्हणून ओळखला जाणारा दलाल माणसाला अमेरिकेत पोहोचवण्यासाठी लाख ते दीड लाख केत्साल (ग्वाटेमालाचे चलन) मागतो आणि त्या रकमेत दोन-तीन प्रयत्न धरलेले असतात. ही रक्कम जमिनीचा कागद गहाण ठेवून, महिन्याच्या व्याजाने उभी करतात. त्यामुळे परत पाठवलेला माणूस घरी परततो तो कर्ज घेऊन, आणि फेडीची एकच वाट त्याला माहीत असते: पुन्हा निघण्याची. जानेवारी २०२१ मध्ये सान मार्कोसमधील कोमितान्सियो आणि आसपासच्या गावांतली मुले-माणसे मेक्सिकोच्या तामाउलिपास राज्यात मारून जाळण्यात आली. एकूण १९ मृतदेह सापडले आणि त्या हत्यांबद्दल राज्य पोलिसांच्या विशेष पथकातील जवान दोषी ठरले. त्यानंतरही त्या भागातून लोक जातच राहिले. २०२२ मध्ये काँग्रेसने मानवी तस्करीची शिक्षा वाढवली, पण मागणीच कायम असेल तर कडक शिक्षेने कोयोतेचा दर तेवढा वाढतो.

बायडेन प्रशासनाशी अरेव्हालो यांचे जमले. मार्च २०२४ मध्ये ते व्हाइट हाऊसला जाऊन आले आणि जून २०२३ पासून चालू असलेल्या ‘सुरक्षित स्थलांतर’ कार्यालयांद्वारे काही जणांना कायदेशीर वाट मिळत होती. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प पुन्हा सत्तेवर आले आणि ती कार्यालये बंद झाली. २४ जानेवारीला अमेरिकी लष्कराची विमाने बेड्या घातलेल्या माणसांना घेऊन ग्वाटेमालाच्या हवाईतळावर उतरली. दोन दिवसांनी कोलंबियाच्या अध्यक्षांनी अशी विमाने परत पाठवली आणि आयातशुल्काच्या धमकीपुढे काही तासांत माघार घेतली. अरेव्हालो यांनी तो मार्ग घेतला नाही. ५ फेब्रुवारीला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांच्या भेटीत त्यांनी परत येणाऱ्या विमानांची संख्या ४० टक्क्यांनी वाढवण्याचे आणि इतर देशांच्या नागरिकांनाही पुढे मायदेशी पाठवण्यासाठी उतरवून घेण्याचे मान्य केले. त्याच दिवशी १०४ भारतीयांना घेऊन असेच एक लष्करी विमान अमृतसरला उतरले होते आणि त्यात महाराष्ट्रातले तिघे होते, त्यामुळे हे चित्र मराठी वाचकांना परके वाटू नये.

या शरणागतीबद्दल अरेव्हालो यांच्यावर बरीच टीका झाली. मला त्यामागचा हिशेब दिसतो. अमेरिकी पाठबळ हे त्यांच्यासाठी केवळ परराष्ट्र धोरण नव्हते, पोर्रास यांच्या पुढच्या अर्जापासून वाचवणारी ढाल तीच होती. आणि विरोधी गोटाला हे पुरते कळले होते. एप्रिल २०२४ मध्येच अभियोग कार्यालयाने ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेच्या कार्यालयांवर स्थलांतरित मुलांच्या कथित छळाच्या तक्रारीवरून धाडी घातल्या आणि टेक्सासच्या महाधिवक्त्यांकडे सहकार्य मागितले. संस्थेने आरोप फेटाळले. पण वॉशिंग्टनमध्ये सत्ता बदलेल तेव्हा स्थलांतराच्या मुद्द्यावर आपणच विश्वासू साथीदार आहोत, हे दाखवण्याची ती तयारी होती. अरेव्हालो यांनी विमाने स्वीकारून ती जागा आधीच व्यापली. किंमत चुकवली ती परत आलेल्यांनी. २०२४ मध्येच अमेरिकेतून ६० हजारांहून अधिक जण परत पाठवले गेले होते. त्यांच्यासाठी सरकारने ‘घरवापसी’ योजना आखली आणि नोकरीशी जुळणी, कौशल्याचे प्रमाणपत्र अशा सेवा देऊ केल्या. योजना चांगल्या हेतूची आहे, परंतु गहाण पडलेल्या जमिनीचे काय, हा माणसाचा पहिला प्रश्न असतो आणि त्याला तिच्यात उत्तर नाही. सावकारी कर्जाची फेररचना करणारी सरकारी पतव्यवस्था उभी करणे हे कोणत्याही महाभियोक्त्याच्या परवानगीविना करता येण्याजोगे काम होते. ते झाले नाही, याचे मला सर्वाधिक वाईट वाटते.

तिसरी वाट, म्हणजे मुदत संपण्याची वाट, तीही मोकळी नाही. घटनेप्रमाणे अध्यक्षाला महाभियोक्ता मनाने निवडता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष, वकील संघटनेचे प्रतिनिधी आणि विधी विद्याशाखांचे अधिष्ठाते यांची समिती सहा नावे देते आणि त्यांतलेच एक नेमावे लागते. समितीत अधिष्ठात्यांचे संख्याबळ मोठे, आणि विद्यार्थी नगण्य पण मत पूर्ण अशा खासगी विद्याशाखांवर तिथे वर्षानुवर्षे टीका होत आली आहे. सार्वजनिक सान कार्लोस विद्यापीठाच्या रेक्टरची २०२२ मधील निवड गैरप्रकारांच्या आरोपांत झाली आणि विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या इमारती ताब्यात घेऊन महिनोन्महिने तिचा निषेध केला, तेव्हा देशातील अनेकांना तो विद्यापीठाचा अंतर्गत वाद वाटला होता. निवडणूक न्यायाधिकरण, घटना न्यायालय आणि महाभियोक्ता या तिन्हींच्या नेमणुका २०२६ च्या पूर्वार्धात येतात, आणि त्यांचा मार्ग बराचसा याच विद्यापीठातून व वकील संघटनेच्या मतपेटीतून जातो. पोर्रास यांच्यानंतर कोण येणार हे ठरवणारी लढत अध्यक्षीय प्रासादात होत नाही, ती तिथे होते. परदेशी गेलेले अभियोक्ते मायदेशी येऊ शकतील की नाही आणि ४१० कंपन्यांच्या फिर्यादीचा तपास होईल की नाही, हे त्या सहा नावांच्या यादीवर अवलंबून आहे.